न गळणारा विमा

मझनाला आयुष्यात एकदा कडाक्याची थंडी वाजून घ्यायची होती.

थायलंडच्या खाली, शेजारच्या देशातल्या तैपिंग गावात जन्म काढलेल्या बाईची ही मागणी काही अवाच्या सवा नव्हती. तिथे पाऊस रोजचा, घाम रोजचा, आणि स्वेटर म्हणजे दुकानाच्या काचेमागे लटकवलेली गंमत. मझना आणि तिची मैत्रीण लेचुमी या दोघींनी शाळेच्या कँटीनमध्ये केळ्याची भजी तळण्यात उमर घालवली होती. कढईच्या धगीसमोर उभ्या राहूनच दोघींनी ठरवून टाकलं होतं, की कँटीन सुटलं की मझनाच्या कापचायवर बसायचं आणि दात वाजेपर्यंत उत्तरेला जात राहायचं. कापचाय म्हणजे तिकडे घरोघरी असणारी छोटी मोटरसायकल, पायातल्या चपलेइतकी सवयीची. थायलंडातल्या दोई इंथानोनच्या डोंगरावर जानेवारीत पहाटेचं गवत गोठून पांढरं होतं, असं त्यांनी ऐकलं होतं. लेचुमीने त्यात स्वतःची भर घातली होती. च्यांग माईच्या जंगलात तारेला लटकून या झाडावरून त्या झाडावर सुसाट जाता येतं, तिला ते करायचं होतं. तिने उभ्या जन्मात झोपाळासुद्धा जोरात घेतला नव्हता, पण हौसेला काय.

आता कँटीन सुटलं होतं आणि स्वेटर येऊन कपाटात पडले होते. अडून बसला होता तो एकटा रमलान, मझनाचा नवरा.

रमलान नाही म्हणत नव्हता. नाही म्हणाला असता तर मझनाने भांडून घेतलं असतं, भांडणात ती हार जाणारी नव्हती. तो म्हणे, "जा की. मी कुठे अडवतोय? फक्त विमा काढून जा. आणि तो गळका नको."

रमलान पाणीखात्यातून निवृत्त झालेला. जमिनीखालच्या पाइपाला लोखंडी कांब लावायची, कांबेला कान लावायचा आणि कुठे गळतंय ते ओळखायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. नोकरी सुटली तरी कान सुटला नव्हता. जावयाच्या बोलण्यात, बातम्यांमध्ये, मशिदीच्या जमाखर्चात, जिथे तिथे त्याला गळती ऐकू यायची. पडण्याची तर त्याला पहिल्यापासून धास्ती. तरुणपणी एकदा मोटरसायकलसकट गटारात गेला तो गेला, पुन्हा म्हणून त्याने हँडल धरलं नाही. तेव्हापासून शुक्रवारच्या नमाजाला, बाजाराला, दवाखान्याला तो बायकोच्या मागे बसून जाई, तेही दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून.

मझना त्याचं न ऐकता गेली असती तर त्याने काही दार लावून घेतलं नसतं. पण त्याच्या तोंडून मनापासून 'जा' निघाल्याशिवाय तिला ती थंडी गोड लागली नसती. एवढ्या वर्षांच्या संसाराची ही खोड होती आणि तिला ती मोडायची नव्हती.

गाडीचा विमा थायलंडच्या सीमेवरच मिळतो. प्रश्न माणसांचा होता. त्यासाठी स्यू लान होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून विमे विकणारी ही चिनी पोरगी बोलायला फटाकडी. दोघींचा बेत ऐकून तिने टाळ्याच वाजवल्या आणि सगळ्यात स्वस्त विम्याची माहिती मझनाच्या हातात दिली.

रमलानने चष्मा चढवला, पेन्सिल कानामागून काढली आणि ओसरीत मांडी ठोकली. मझना आणि लेचुमी समोर बसल्या, परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात तशा.

"गळतंय," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"कुठे?"

"मोटरसायकलवर मागे बसून पडलात तर पैसे. हँडल धरून पडलात तर काही नाही."

"म्हणजे लेचुमीचा हात मोडला तर भरपाई आणि माझा मोडला तर मी मोडका हात गळ्यात घालून घरी यायचं?"

"अय्यो, त्यात काय," लेचुमी म्हणाली. "पडायची वेळ आली की पटकन जागा बदलू."

रमलानला हसू आलं, पण ते त्याने चष्म्याखाली दाबलं.

दुसऱ्या विम्यात हँडल चालत होतं. त्याचा कागद घेऊन येतानाच मझनाने लाडू वाटल्यासारखं तोंड केलं होतं. रमलानने पेन्सिल फिरवत फिरवत एका ओळीवर आणून टेकवली. "पाय जमिनीपासून सुटतील अशा कुठल्याही खेळाला हा विमा लागू नाही."

हा घाव लेचुमीच्या वर्मी बसला. "पाय जमिनीपासून सुटले की विमाही सुटला? अहो, पलंगावर झोपलं तरी पाय जमिनीपासून सुटतात! मोटरसायकलवर बसून काय आम्ही पाय रस्त्यावर घासत जाणार?"

"मी नाही लिहिलं ते."

"पण वाचताना तुम्हाला किती आनंद होतोय!"

तिसऱ्या विम्यात मोटरसायकल होती, तार होती, नदीत होडीतून गडगडणंसुद्धा होतं. नव्हती फक्त साठीच्या पुढची माणसं. रमलानने ती ओळ वाचली आणि या खेपेला 'गळतंय' म्हणाला नाही, नुसता कागद मझनापुढे सरकवला. मझनाचा चेहरा पडला. मग तिला असा काही राग आला की ती उठून तडक स्यू लानकडे गेली.

"साठीनंतर माणसाची हाडं मोडायची थांबतात, असं वाटतं का गं तुझ्या कंपनीला?"

"उलट, आंटी. फारच मोडतात असं वाटतं त्यांना," स्यू लान म्हणाली आणि जीभ चावली. "थांबा, बसा. मी शोधते. तुमच्यासाठी नाही मिळाला तर मी हा धंदा सोडून नूडल्सची गाडी टाकते."

चार दिवस गेले आणि ती स्वतःच घरी आली, चौथा विमा घेऊन. महाग होता, पण कँटीनच्या पुंजीला झेपणारा होता. त्यात वय बसत होतं, तार बसत होती, डोंगर बसत होता, स्वतःची गाडी बसत होती. रमलानने तो पुढून वाचला, मागून वाचला, उजेडात धरला. मझनाने काळी कॉफी आणून ठेवली ती निवून गेली. स्यू लान आणि लेचुमी एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"हं," रमलान म्हणाला. "डोक्यावर हेल्मेट पाहिजे."

"आहे!" दोघी एकदम ओरडल्या.

"दारू पिऊन चालवायची नाही."

"अबांग, मी पिऊन चालवते का कधी?" मझना नवऱ्याला म्हणाली. तिकडे बायका नवऱ्याला अबांगच म्हणतात.

"आणि चालवणाऱ्याकडे मोटरसायकलचं लायसन्स पाहिजे."

"ते तर असणारच ना, अंकल," स्यू लान हसत म्हणाली. "चला, आंटी, लायसन्स आणा, नंबर लिहून घेते."

मझना उठली नाही. लेचुमीने छताकडे पाहिलं. कोंबडी ओसरीवर चढली आणि कुणी तिला हाकललं नाही.

मझनाने कापचाय कॉलेजच्या वयाआधीपासून चालवली होती. घर, मशीद, बाजार, कँटीन. गल्लीबोळातून जायचं आणि गल्लीबोळातून यायचं. नाक्यावरचा हवालदार तिला अडवायचा तो भजी गरम आहेत का विचारायला. लायसन्स ही मोठ्या रस्त्यावरच्या लोकांची गोष्ट आहे असंच तिच्या डोक्यात बसलं होतं. तिच्याच काय, आळीतल्या सगळ्या बायकांच्या डोक्यात बसलं होतं.

"नाहीये," ती शेवटी म्हणाली.

रमलानचा कागद हातातच राहिला. जगातल्या सगळ्या गळत्या शोधणारा हा माणूस, आणि ज्या सीटवर तो इतकी वर्षं बसत होता तिच्याच खाली एवढं मोठं भगदाड! "नाहीये? म्हणजे मी... दर शुक्रवारी... बिनलायसनच्या..."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"बायकोला कुणी लायसन्स विचारतं का!"

स्यू लान हसून हसून भिंतीला टेकली. लेचुमी तर पदरात तोंड घालून गदगदत होती. मझनाला मात्र हसू येईना. या गळतीला बूच मारणं कंपनीच्या हातात नव्हतं, तिच्याच हातात होतं, आणि जानेवारी जवळ येत चालला होता. यंदाची थंडी हुकली तर पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील कुणी सांगावं. तिने त्याच संध्याकाळी कापचाय कुलूप घालून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसने ड्रायव्हिंग शाळेत गेली.

तिथे सगळी अठरा-एकोणीसची पोरं. त्यांना वाटलं, कुणाची तरी आजी डबा द्यायला आली आहे. आजी पहिल्या बाकावर बसली तेव्हा वर्ग चूप झाला. वाहतुकीच्या नियमांची परीक्षा तिने पाठांतरावर मारून नेली, कुराण पाठ केलेल्या बाईला गोल चौकात आधी कुणी जायचं हे पाठ करायला कितीसा वेळ लागतो? पुढे मैदानावरची परीक्षा. गाडीने आठचा आकडा काढला, सिग्नलला थांबली, खडबडीत रस्त्यावरून गाडीवर उभी राहून गेली. राहिली होती फक्त तिती.

तिती म्हणजे गावाकडे ओढ्यावर टाकलेली फळी. परीक्षेच्या मैदानात तशीच अरुंद, जमिनीपासून जरा उंच पट्टी केलेली असते. तिच्यावरून सावकाश जायचं, घाई केली तर नापास, चाक खाली उतरलं तर नापास. सगळ्या पोरांना घाम फुटला होता. मझनाने आयुष्यभर भज्यांच्या डोक्याएवढ्या पातेल्यासकट खऱ्या तितीवरून कापचाय नेली होती. ती मजेत चढली, मुंगीच्या चालीने अर्ध्यावर आली, आणि पलीकडे उभ्या परीक्षकाने तिला ओळखलं.

"माकचिक मझना!" तो ओरडला. माकचिक म्हणजे मावशी. हा शुक्री, लहानपणी मधल्या सुट्टीत दोन भजी घेऊन तीन पळवणारा.

आता त्या मुलखात ओळखीच्या माणसासमोरून गाडीवर जाताना हात वर केला नाही, तर संध्याकाळपर्यंत आळीभर होतं की अमकीला शिंगं फुटली. मझनाने हँडलवरचा हात सोडला आणि तोंडभर हसून वर केला. चाक तितीवरून सरळ गवतात उतरलं.

शुक्रीने कपाळावर हात मारला. "माकचिक, अहो हात कशाला केलात?"

"तू हाक कशाला मारलीस, गाढवा?"

"मला राहवलं नाही."

"मग मला कसं राहवेल?"

पण नियम तो नियम. नापास. मझना बसमध्ये बसली आणि तिला रडू आलं. परीक्षेचं नव्हतं ते. घरी रमलान आता सुटकेचा निःश्वास टाकेल, तो आपल्याला ऐकू येईल, आणि आपण त्याला कधी माफ करू शकणार नाही, या भीतीचं रडू होतं.

रमलानने सगळं ऐकून घेतलं. निःश्वास काही टाकला नाही. "पुन्हा कधी आहे?" एवढंच विचारलं.

"पंधरवड्याने."

"बरं," तो म्हणाला आणि लुंगीसारख्या सारोंगची गाठ नीट करत बाहेर निघून गेला. त्या दिवसांत तो सकाळ सकाळ बाहेरच असायचा. कॉफीच्या टपरीवर सोंगट्या खेळत बसत असेल, म्हणून मझनाने लक्ष दिलं नाही. तिचं सगळं लक्ष हातांवर होतं. लेचुमी अंगणात उभी राहून जोरजोराने "मझना! अगं मझना! तुझ्या पोराला मुलगा झाला! राजा आला, राजा!" असं काहीबाही ओरडायची, आणि कापचाय कुलपात म्हणून मझनाने विटांच्या ओळीवरून सायकल हाकत मख्ख चेहऱ्याने जायचं. आळीतली माणसं कुंपणाशी जमायची. काही जण मदत म्हणून मुद्दाम सलाम ठोकायचे. मझना कुणालाच उत्तर देत नव्हती, आणि तिला आपण तैपिंगमधली सगळ्यात माजोरडी बाई झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या खेपेला शुक्रीने शहाणपणा केला. तितीच्या टोकाशी तो असा उभा राहिला, जणू मझनाला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, नजर चाकावर. मझना चढली. मैदानावरची पोरं श्वास धरून बसली. एवढ्या ओळखीच्या पोरासमोरून मुकाट्याने जाताना तिच्या हातांना कळा आल्या, पण तिने बोटं हँडलवर आवळून धरली आणि पलीकडे उतरली.

शुक्रीने कागदावर खूण केली आणि मग दोन्ही हात हवेत उडवले. पोरांनी एकच कल्ला केला. मझनाने गाडी लावली, आणि मग मैदानात फिरून शुक्रीला, शिक्षकांना, पोरांना, झाडूवालीला, चहावाल्याला एकेकाला हात उंचावून सलाम केला, जुनी बाकी फेडून टाकावी तसा. घरी येताना बसमधून दिसेल त्यालाही केला.

लायसन्स पर्समध्ये ठेवून ती थेट स्यू लानकडे गेली. "काढ तो चौथा विमा."

स्यू लान घुटमळली. "आंटी, अंकलनी दुसराच घेतलाय. कालच. तुमचं लायसन्स झालं की नंबर टाक म्हणून सांगून गेलेत."

"दुसरा? चौथ्यात कुठे गळत होतं?"

"काही नाही. हा त्याच्याहून महाग आहे."

मझनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. विमा तिचा, हाडं तिची, तितीवर घाम तिने गाळला, आणि निवड करणार हे! "कुणाच्या पैशाने?"

"त्यांच्या. पेन्शनच्या." स्यू लानने खुर्ची पुढे ओढली. "आंटी, रागावू नका. अंकल रोज सकाळी इथे येऊन बसायचे. मला एकेका कंपनीला फोन लावायला लावायचे. मोटरसायकलचं नाही विचारलं त्यांनी, तारेचंही नाही. एकच गोष्ट विचारायचे. ती तिकडे हॉस्पिटलात पडली तर मला तिच्यापाशी कोण नेऊन सोडणार? बाकीचे म्हणाले, पेशंटला परत आणू. हे म्हणाले, परत आणाल तेव्हा आणाल. तोवर तिच्याजवळ कोण बसणार? शेवटी ही एक कंपनी म्हणाली, घरच्या एका माणसाचं विमानाचं तिकीट आणि राहणं आम्ही बघू."

मझनाचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं ते तिला सांभाळेना. डोळे पुसून ती घरी आली.

रमलान ओसरीत मिरच्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होता.

"पास झाले," ती म्हणाली.

"कळलं. शुक्रीने अख्ख्या गावाला कळवलंय."

"स्यू लानकडे जाऊन आले."

झारीतलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. मिरची बुडायला आली.

"अबांग," मझना म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं, "एवढा न गळणारा विमा शोधलात, पण मोठं भगदाड राहिलं ना! कंपनी तुम्हाला विमानात बसवेल हो, पण सीमेवर काय दाखवणार? तुम्ही तर कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नाहीत. पासपोर्ट कुठाय तुमचा?"

रमलानने झारी खाली ठेवली. शर्टाच्या खिशात हात घातला आणि कोरा करकरीत लाल पासपोर्ट बाहेर काढला. त्यातल्या फोटोत तो असा घाबरलेला दिसत होता, की जणू कॅमेराच त्याच्या अंगावर पडणार होता.

"काढलाय," तो म्हणाला. "माझी तयारी आहे, मझना. तू जा. मनापासून सांगतो, जा. मजेत जा. फक्त मला हा वापरायला लावू नकोस."

मझनाने तो पासपोर्ट हातात घेतला. एकेक कोरं पान उलटून पाहिलं, जणू प्रत्येक पानावर काहीतरी लिहिलेलं होतं. मग तो मिटून तिने परत त्याच्या खिशात ठेवला आणि खिशावर थोपटलं.

"वापरायचा तर आहेच," ती म्हणाली. "आत्ता मी लेचुमीला फिरवून आणते. आल्यावर तुम्हाला मागे बसवून नेते. आता माझ्याकडे लायसन्स आहे."

रमलानने मान हलवली. मग त्याची नजर जरा बारीक झाली, कान टवकारल्यासारखे झाले.

"आधी स्यू लानला विचार," तो म्हणाला, "सीट घट्ट धरून धरून माझी बोटं मोडली तर ती कशात बसतात."